चैत्रातली पिसं

आमच्या आबांइतका वेळेचा पक्का माणूस अख्ख्या मावळात दुसरा झाला नाही. सूर्य उगवायला रोज एखादं मिनिट इकडेतिकडे करतो हे त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी मनापासून कधी पटवून घेतलं नाही. "त्याला वर विचारणारा कुणी न्हाई," एवढं म्हणायचे आणि हातोडी खांद्यावर टाकून आपल्या फेरीला निघायचे.

पण आबांचं सांगण्याआधी आमच्या घराचं सांगायला हवं, नाहीतर आबा नुसतेच विक्षिप्त वाटतील. आम्ही भाजे गावचे. लेणीच्या वाटेला लागून आमची एक खोली होती आणि तिच्यात आम्ही पाच जण राहायचो. वडील मिळेल त्या बांधकामावर जायचे. आई शनिवार-रविवारी लेणीच्या पायथ्याला बसायची; पावसाळ्यात कणसं भाजायची, उन्हाळ्यात लिंबू सरबत विकायची. खोलीत बल्ब एकच. तो चालू ठेवला तर पहाटे उठणाऱ्या वडिलांना झोप लागत नसे, आणि बंद केला तर मला वाचता येत नसे. या एका बल्बावरून आमच्या घरात जितकं भांडण झालं तितकं कुणाच्या घरात शेताच्या बांधावरून झालं नसेल. शेवटी आई बटण दाबायची आणि म्हणायची, "झोपा आता. दिवा काय, उद्या बी हाय." दहावीचा अभ्यास मी रस्त्यावरच्या ग्रामपंचायतीच्या खांबाखाली केला. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे झोत अंगावरून जायचे आणि कट्ट्यावरची पोरं विचारायची, "मॅडम, बिल तुमच्या नावावर येतं का?"

एका संध्याकाळी आबा तिथे आले. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. माझ्याकडे न बघता त्यांनी खांबावर हातोडीचे दोन ठोके मारले, कान लावला आणि मान हलवली. म्हणाले, "ह्यो खांब आतून सडलाय. कवा पडंल सांगता येत न्हाई. उद्यापास्नं माझ्या पडवीत बसत जा."

तो खांब आजही उभा आहे. परवाच त्याला नवा रंग दिला.

आबा रेल्वेत चावीवाले होते. रुळांना जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. रोज ठरलेल्या टप्प्यात पायी चालत त्या बघायच्या आणि सैल झालेली ठोकून घट्ट करायची, हे त्यांचं काम. तेहतीस वर्षं ते घाटाच्या तोंडाशी हे करत राहिले. निवृत्त झाल्यावर रेल्वेने रूळ परत घेतले, पण फेरी आबांकडेच राहिली. घरापासून ओढ्यापर्यंत आणि ओढ्यापासून घरापर्यंत, पहाटे पाचला. वाटेत जे दिसेल ते ठोकून बघायचे. पाण्याची टाकी, फणस, कुणाच्या नव्या घराचा दरवाजा, एकदा तर माझ्या धाकट्या भावाचं डोकं. ठोका मारायचा, आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा. फणसाच्या बाबतीत ते कधी चुकले नाहीत. भावाच्या बाबतीत काय ऐकू आलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज एक उकडलेलं अंडं द्यायला लागले.

वेळ चुकली की आबांच्या पोटात खरोखर दुखायचं. गावातल्या एका लग्नाला नवऱ्याकडची मंडळी मुहूर्त टळून चाळीस मिनिटांनी आली. आबा मांडवाच्या दारात लाल फडकं धरून उभे. वरबापाला वाटलं गावची काही रीत असेल, त्याने नारळ पुढे केला. आबांनी तो घेतला नाही. खिशातून वही काढली आणि शांतपणे विचारलं, "लेट का झाला, कारण?" वरबाप गांगरून म्हणाला की टायर पंक्चर झाला. आबांनी ते लिहून घेतलं, फडकं खाली केलं आणि मग वाजंत्री सुरू झाली. ते लग्न फार चांगलं टिकलंय, आणि त्याचं श्रेय आबा अजून स्वतःकडे घेतात.

अशा माणसाच्या अंगणात देवाने मोर पाठवला.

पाठवला म्हणजे असं झालं: माळावरचं गवत कापताना कुणाच्या तरी विळ्याखाली लांडोरीचं घरटं उघडं पडलं. लांडोर उडून गेली ती परत आली नाही. आबांनी दोन दिवस लांबून पाळत ठेवली, मग अंडी आणून आपल्या खुडूक कोंबडीखाली सरकवली. त्यातलं एकच फुटलं. मोर पाळायचा नसतो, कायदा आहे, हे आबांना माहीत होतं. पिल्लू चालायला लागलं तसे ते स्वतःहून जंगल खात्याच्या चौकीवर जाऊन कळवून आले. मोठं झाल्यावर सोडा, असं तिथे सांगितलं. आबांनी ते डोंगराच्या पोटाशी नेऊन सोडलं आणि घरी आले, तर ते पडवीत त्यांच्या आधी हजर. तीनदा सोडलं, तीनदा असंच झालं. मग आबा म्हणाले, "म्या पाळलेला न्हाई. त्यो ड्युटीला येतो."

आणि खरंच तो ड्युटीला यायचा. सकाळी सहाला अंगणातल्या आंब्यावरून उतरायचा, अंगणभर मान ताठ ठेवून फिरायचा, ज्वारीचे दाणे टिपायचा, दुपारी माळावर जायचा, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी परत आंब्यावर. त्याची ती तपासणीला आल्यासारखी चाल बघून आबांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. बोलताना ते 'सायेब' म्हणायचे, आणि एकेरी उल्लेख कुणी केलेला त्यांना खपत नसे. तिसऱ्या वर्षी साहेबांना पूर्ण पिसारा आला तेव्हा आबांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले.

मोराची पिसं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, आबांनी शिकवलं. पहिलं पीस गौरी जेवायच्या आत पडायचं. दसऱ्यापर्यंत सगळा पिसारा उतरायचा आणि फाल्गुनात साहेब पुन्हा नव्याने सजून तयार. आबा एकेक पीस उचलायचे, त्याचं बूड अंगठ्याने चाचपायचे आणि वहीत लिहायचे: कुठल्या दिवशी, डावीकडचं की उजवीकडचं. वर्षाची मोळी काथ्याने बांधून आढ्याला टांगायचे. दीडशेच्या आतबाहेर पिसं दरवर्षी. लेणीच्या पायथ्याला पंखे करून विकणारे किती वेळा आले, आबांनी एक काडीसुद्धा दिली नाही. आढ्याला त्या मोळ्या अशा रांगेने लटकत असायच्या की पहिल्यांदा आत आलेला माणूस बोलायचं विसरून जायचा. मीही विसरले होते. वारा आला की वरून हजार डोळे हलायचे.

त्या पडवीत मी अकरावी-बारावी केली आणि तळेगावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. विषय घेतला प्राणिशास्त्र. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी पुन्हा पुन्हा सांगते असं माझा भाऊ म्हणतो. सांगते, कारण ते खरं आहे.

शेवटच्या वर्षी दिवाळीत मला चष्मा लागला. आबांना तो अपमान वाटला, जणू त्यांच्या पडवीनेच माझे डोळे खराब केले. ते त्याच संध्याकाळी माळवली स्टेशनवर गेले, फलाटावरच्या दिव्याखाली उभे राहून वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून एक मोठा फोकस घेऊन आले. पडवीच्या कोपऱ्यातल्या खांबावर तो लावला, तेव्हा अंगणातली मुंगीही मोजता आली असती. आबा म्हणाले, "आता कसं, फलाटावानी वाटतंय." मी रात्री बारापर्यंत बसायची. दिवा विझवायचा तो मी घरी पोचले की आणि आईने आतून कडी लावल्याचा आवाज ऐकला की, असा आबांचा नियम.

पौषात एक चमत्कार झाला. कडाक्याची थंडी, ढगाचा पत्ता नाही, आणि साहेब अंगणाच्या मधोमध पिसारा उभारून नाचायला लागले. एवढ्या लवकर त्यांचा पिसारा कधी भरला नव्हता. ओरडणं तर असं की लेणीवरून पर्यटक धावत खाली आले. गावात लोक म्हणाले, आबांच्या सेवेचं फळ. आबा मात्र पायरीवर बसून घड्याळाकडे बघत होते. "सायेब बिफोर टाइम चाललेत," म्हणाले. माणसं लेट होतात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. बिफोर टाइम धावणारं काही त्यांच्या अनुभवात नव्हतं, आणि त्यांना त्याची भीती वाटली.

पाडव्याच्या सकाळी गुढीच्या पाटाशी पहिलं पीस पडलं. दुसऱ्या दिवशी सात. मग रोज पंधरा, वीस. जे गौरीपासून दसऱ्यापर्यंत सावकाश व्हायचं ते तीन आठवड्यांत उरकलं, तेही ऐन चैत्रात, जेव्हा मोराने सजून असायला हवं. साहेब तपासणी सोडून आंब्याच्या बुंध्याशी बसून राहायला लागले. मागून नुसती तपकिरी आखूड शेपटी. नवे कोंब फुटायचे ते खुरटलेले, आणि वीतभर होण्याआधीच गळायचे.

कारणं सांगायला गावात तोटा नव्हता. आई म्हणाली, दृष्ट लागली, आणि मीठ-मोहऱ्या घेऊन आंब्याभोवती फिरली. साहेबांनी मोहऱ्या खाल्ल्या. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, मी कसली गप्प बसते. मी सांगितलं, चुन्याचं प्रमाण कमी पडलंय, अंड्याची टरफलं कुटून घाला. आबांनी आठवडाभर घातली. मग सांगितलं, पिसांत किडे झाले असतील, राखेत लोळू द्या. आबांनी अख्ख्या आळीतली राख गोळा केली. वडिलांना वाटलं ओढ्यापलीकडच्या भाड्याच्या बंगल्यातला डीजे कारण असेल. आबा लाल फडकं घेऊन तिथेही गेले. मुंबईची पोरं फार प्रेमाने वागली, त्यांनी फडक्यासकट आबांबरोबर फोटो काढले आणि आवाज खरंच कमी केला. पण परत येऊन आबांनी वही उघडली आणि कारण खोडलं. डीजे शनिवारचा. मंगळवारी डीजे नव्हता, आणि मंगळवारी सतरा पिसं पडली होती.

याच सुमारास कुणीतरी तक्रार केली. कुणी ते आबांनी कधी शोधलं नाही. तक्रार अशी की म्हातारा जिवंत मोराची पिसं उपटतो आणि विकतो. नाहीतर चैत्रात मोर बोडका कसा?

जंगल खात्याच्या वनरक्षक मॅडम आल्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. कपडे कडक, बोलणं नरम. आबांनी त्यांना घोंगडी अंथरून बसवलं, स्वतः उभे राहिले आणि सगळ्या मोळ्या आढ्यावरून उतरवून समोर ठेवल्या. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एकही ठपका नव्हता. मॅडमनी एकेक पीस उजेडात धरलं. उपटलेल्या पिसाच्या बुडाला रक्त किंवा कातडी राहते. आपोआप पडलेल्याचं बूड कोरडं, स्वच्छ, गुळगुळीत असतं. सगळी गुळगुळीत होती. मॅडमनी वहीसुद्धा वाचली. मग म्हणाल्या, "आबा, पिसं उपटलेली नाहीत, तसं मी लिहिते. पण पक्षी ठीक नाही. मे संपेपर्यंत नवी पिसं नीट आली नाहीत तर मला त्याला उपचाराला न्यावं लागेल. आणि एकदा नेला की मग पुन्हा इथेच सोडतील असं मी सांगू शकत नाही."

आबा म्हणाले, "व्हय." त्या दिवशी संध्याकाळची ज्वारी त्यांनी जरा जास्त टाकली.

त्यानंतर ते स्वतःच्या पद्धतीने कामाला लागले. चावी सैल का झाली हे खुर्चीत बसून कळत नाही, रुळावर जाऊन बसावं लागतं, असं ते म्हणायचे. ते आंब्याखाली खाट टाकून राहू लागले. मी पडवीत वाचत असायची आणि ते अंधारात वर बघत पडलेले. आठवड्याभरात त्यांची चौकशी थांबली. वहीत काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही. मी विचारलं, काही कळलं का? म्हणाले, "तू तुजं वाच."

मग काही बारीकसारीक गोष्टी घडल्या, ज्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही. एका संध्याकाळी गेले तर फोकसच्या जागी जुना पिवळा बल्ब. मी कुरकुरले, आबा, अक्षरं दिसत नाहीत, परीक्षा तोंडावर आलीय. दुसऱ्या दिवशी फोकस परत जागेवर. मग एकदा पडवी आणि आंब्याच्या मध्ये ताडपत्री टांगलेली. मला वाटलं वाऱ्यासाठी. दोन दिवसांनी साहेब आंबा सोडून पडवीच्या समोरच्या शेवग्यावर येऊन बसू लागले, ताडपत्रीच्या अलीकडे, नेमके फोकसच्या तोंडासमोर. आमच्यापासून लांब झोपायची त्यांना सवयच नव्हती. आबांनी ताडपत्री काढून टाकली आणि कपाळावर हात मारून घेतला. मला हसू आलं. मी हसलेसुद्धा.

परीक्षेच्या दुसऱ्या पेपरला एक प्रश्न आला: दिवसाच्या लांबीचा पक्ष्यांच्या विणीवर आणि पिसं गळण्यावर होणारा परिणाम. मला तो तोंडपाठ होता. तीन रात्री त्याच फोकसखाली मी तो घोकला होता. घरी आले ती थेट आबांकडे. पेपर कसा गेला हे ते रोज विचारायचे आणि एकेक प्रश्न समजावून घ्यायचे. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की पक्ष्याला पंचांग नसतं, तो उजेड मोजतो. दिवस मोठा झाला की त्याला वाटतं विणीचा हंगाम आला. मग त्याचा हंगाम सरतो आणि पिसं गळतात. खोटा उजेड दाखवला तर सगळं आधीच उरकतं. हे मी आंब्याकडे पाठ करून, त्या फोकसखाली उभी राहून बोलले.

आबांनी सगळं ऐकलं. मान हलवली, जशी नवी गोष्ट ऐकताना हलवतात. मग म्हणाले, "आसं व्हय? आन् समदं बराबर लिवलंस न्हवं?"

"पूर्ण लिहिलं आबा. पाच मार्कांचा होता."

"मग झालं तर. जा, जेव, आन् उंद्याच्या पेपराला बस."

शेवटचा पेपर मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. त्या संध्याकाळी आईने केलेल्या पुरणपोळ्या घेऊन मी आबांकडे गेले, तर पडवी काळोखात. खांबावर फोकस नव्हता. खिळ्यांची चार भोकं तेवढी. आबा पायरीवर बसून गोणपाटात काहीतरी गुंडाळत होते, आणि दोरी बांधताना गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. साहेब आंब्यावर, मान पंखात घालून गाढ झोपलेले. त्यांना मान पंखात घातलेलं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं नव्हतं हेही मला तेव्हाच कळलं.

मग मला सगळंच कळलं. पाच मार्कांचं उत्तर आंब्यावर बसलेलं होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून ते लिहायला शिकले होते. मी ताट खाली ठेवलं.

"आबा, तुम्हाला कधी समजलं?"

"पाडव्यामागनं म्हयन्याभरानं. तू घरी पोचायचीस, म्या दिवा घालवायचा, तवाच सायेब डोळं मिटायचं. पाखराला दिवा म्हंजी शिग्नल. शिग्नल दिला की गाडी निघती. गाडीला बोल लावायचा न्हाई." गाठ एकदाची बसली. "शिग्नल म्या दिला हुता."

मी म्हणाले, मला का नाही सांगितलं? मी पडवीत नसते बसले, कुठेही बसले असते.

"कुटं? खांबाखाली?"

मी म्हणाले, "आणि मॅडमनी साहेबांना नेलं असतं तर?"

आबा आंब्याकडे बघत म्हणाले, "सायेबाची पिसं दर साली येत्यात. तुजी परीक्षा काय दर साली न्हाई." आणि उठून पडवीचा खांब हातोडीने वाजवून बघायला लागले. एक, दोन, तीन ठोके. तो खांब चांगला भक्कम होता, ते त्यांनाही माहीत होतं.

मे संपताना वनरक्षक मॅडम पुन्हा आल्या. साहेबांच्या पाठीवर नवे कोंब फुटले होते, सरळ, निळसर आवरणातले, जाड. मॅडमनी लांबूनच दुर्बिणीतून बघितलं आणि आपल्या वहीत दोन ओळी लिहिल्या. जाताना मला म्हणाल्या की मागच्या महिन्यात त्या इकडून जाताना थांबल्या होत्या आणि आबांना विचारलं होतं, कारण सापडलं का? आबा म्हणाले होते, "सापडलं. पर लायनीवर काम चाललंय. चौदा तारखेपत्तुर ब्लॉक घेतलाय." त्यांना काही कळलं नव्हतं. चौदा तारखेला माझा शेवटचा पेपर होता.

त्या पावसाळ्यात डोंगराच्या पोटाशी सगळीकडून मोर ओरडत होते. लांडोरी आबांच्या अंगणात यायच्या, दाणे टिपायच्या. एके दिवशी साहेबांना राहवलं नाही. त्यांनी ती आखूड तपकिरी शेपटी, जुन्या खराट्यासारखी दिसणारी, सगळी ताकद लावून उभी केली आणि मोठ्या ऐटीत गोल फिरले. लांडोरींनी बघितलंसुद्धा नाही. आबा पायरीवरून उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली, आणि साहेबांचा नाच संपेपर्यंत ते तसेच उभे होते. अख्ख्या नोकरीत मोठमोठ्या साहेबांसमोरही त्यांनी कधी टोपी काढली नव्हती, असं वडील म्हणतात.

माझा निकाल लागला तो त्याच आठवड्यात. आबांनी वही उघडली, तारीख घातली, खाली लिहिलं: पिसारा नाही, तब्येत ठीक. त्याच्या खाली माझं नाव लिहिलं आणि पुढे एकच शब्द: वेळेवर.

पुढच्या वर्षीपासून साहेबांचं पहिलं पीस पुन्हा गौरी जेवायच्या आत पडायला लागलं. मी आता तळेगावजवळ आंबी गावच्या बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्या घराला दोन खोल्या वाढल्या, तीन बल्ब आहेत, आणि वडील आता दिव्यात झोपतात. आबांची फेरी ओढ्यापर्यंत पोचत नाही. अर्ध्या वाटेवरच्या दगडावर ते बसतात आणि उरलेली मनात पूर्ण करतात. दिवाळीतसुद्धा ते अंगणात पणती लावू देत नाहीत. आढ्याला त्या चैत्रातली मोळी वेगळी टांगलेली आहे. मी गेले की ती आधी बघते, मग त्यांना नमस्कार करते, आणि ते विचारतात, "गाडी वेळेवर हुती का?"

त्या वर्षी आबांच्या मोराला पिसारा नव्हता. त्याच वर्षी मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली.